‘स्नार्क’वर शेवटपर्यंत कोण राहिलं?

हेडफोन लावलेत ना? आणि जे हा भाग ऐकण्याऐवजी वाचताय, त्यांचंही स्वागत. बोगद्यात रेंज जाते, माहितीये मला.

आजचा विषय मला एका रीलने दिला. रात्रीचे साडेबारा, सकाळी नऊची मीटिंग, आणि मी अंथरुणात पडून बघतेय की चार मित्र एका छोट्या शिडाच्या बोटीवर राहतायत. सकाळी उठायचं, समुद्रात उडी मारायची, कॉफी प्यायची, शीड वर चढवायचं आणि पुढच्या बेटावर जायचं. मी लगेच ती रील आमच्या ग्रुपवर टाकली. ग्रुपचं नाव आजही ‘गोवा 2019 फायनल’ आहे, त्यावरून काय ते समजा. पाच मिनिटांत चार हार्ट आले. ‘आपण पण करू यार!’ एकीने मात्र विचारलं, ‘भांडी कोण घासणार?’

सगळे हसले. मीही हसले. पण गेल्या डिसेंबरात आम्ही दोन दिवसांच्या कॅम्पला गेलो होतो, तेव्हा एका करपलेल्या पातेल्यावरून आमच्यातले दोघं तीन आठवडे एकमेकांशी बोलत नव्हते. त्यामुळे तो प्रश्न डोक्यातून जाईना. आणि मग मला ‘स्नार्क’ आठवली.

आज ज्याला आपण ‘बोट लाइफ’ म्हणतो, ते स्वप्न शंभरएक वर्षांपूर्वी एका माणसाने खरंच करून बघितलं होतं. छोटी बोट, सोबतीला ओळखीची आणि अनोळखी माणसं, आणि पॅसिफिकमधली बेटं. प्लॅन होता सात वर्षांचा. गोष्ट वीस महिन्यांत संपली. ती का संपली, आणि निघालेल्यांपैकी शेवटपर्यंत कोण राहिलं, हे आज बघू.

स्वप्न: सात हजार डॉलर

साल 1905. उत्तर कॅलिफोर्नियातलं ग्लेन एलन नावाचं गाव. जॅक लंडन तेव्हा 29 वर्षांचा होता, आणि ‘द कॉल ऑफ द वाइल्ड’मुळे दोनच वर्षांपूर्वी जगप्रसिद्ध झाला होता. पण लेखक होण्याआधी तो दर्यावर्दी होता. पंधराव्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत रात्री होडी घेऊन दुसऱ्यांच्या मालकीची कालवं चोरायचा. सतराव्या वर्षी सीलच्या शिकारीच्या जहाजावर खलाशी म्हणून जपानच्या बाजूला जाऊन आला.

त्या उन्हाळ्यात ही मंडळी जोशुआ स्लोकमचं पुस्तक मोठ्याने वाचत होती. स्लोकम म्हणजे एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस. 1895 ते 1898, बोट जेमतेम 37 फुटांची. ऐकणाऱ्यांत होती शार्मियन, जिच्याशी जॅकने त्याच वर्षी लग्न केलं, आणि शार्मियनच्या मावशीचे यजमान, रॉस्को ईम्स. ‘एक माणूस एवढ्याशा बोटीत जाऊ शकतो, तर आपण सगळे मिळून का नाही?’ इथून सुरुवात झाली. आमच्या ग्रुपवर होते तशीच.

बोटीचं नाव ठेवलं ‘स्नार्क’. लुईस कॅरलच्या एका गमतीशीर कवितेतला हा प्राणी. सगळे त्याला शोधायला निघतात, पण तो नक्की काय आहे हे कुणालाच माहीत नसतं. नाव अगदी योग्य होतं, पण ते नंतर कळलं.

अंदाज होता सात हजार डॉलरचा. 18 एप्रिल 1906 ला बोटीच्या कण्याचं काम ठरलं होतं. त्याच पहाटे सॅन फ्रान्सिस्कोचा तो प्रसिद्ध भूकंप झाला. शहर जळलं. सुतार, लोखंड, लाकूड, सगळं शहर पुन्हा उभारण्याच्या कामाला लागलं. भाव वाढले, तारखा पुढे गेल्या. बोट तयार होईपर्यंत खर्च तीस हजारांवर गेला. तुमच्यापैकी कुणी फ्लॅट बुक केला असेल, तर हे दुःख समजावून सांगायला नको.

निघायच्या दिवशी एका व्यापाऱ्याने दोनशे-तीसेक डॉलरच्या उधारीसाठी बोटीवर जप्ती आणली. त्याआधी दोन पडावांच्या मध्ये सापडून ती दोन्ही बाजूंनी चेपली होती. शेवटी 23 एप्रिल 1907 ला ‘स्नार्क’ ओकलंडहून निघाली. दोन डोलकाठ्या, लांबी सुमारे 55 फूट, आणि आत सहा माणसं.

सहा जण

आता हे सहा जण लक्षात ठेवा. जॅक. शार्मियन. कप्तान म्हणून मावसासरे रॉस्को. इंजिन बघायला हर्बर्ट स्टोल्झ नावाचा स्टॅनफर्डचा तरणाबांड खेळाडू. कामकाजाला तोचिगी नावाचा जपानी मुलगा. आणि स्वयंपाकी मार्टिन जॉन्सन.

मार्टिनची गोष्ट मला सगळ्यात आवडते. लंडनच्या सफरीबद्दल छापून आल्यावर त्याला हजारो पत्रं आली. डॉक्टर, शिक्षक, श्रीमंत, बेकार, सगळ्यांना यायचं होतं. कॅन्सस राज्यातल्या एका जवाहिऱ्याच्या 22 वर्षांच्या मुलानेही पत्र पाठवलं. समुद्रापासून शेकडो मैल आत राहणारा मुलगा! लंडनने उलट विचारलं, स्वयंपाक येतो का? त्याने तारेने कळवलं की मला आजमावून बघा. ‘येतो’ म्हणाला नाही, हे लक्षात घ्या. कारण येतच नव्हता. तार पाठवून हा पठ्ठ्या ओळखीच्या एका खाणावळीत घुसला आणि निघायच्या आधी शिकता येईल तेवढं शिकला.

समुद्रात पहिल्याच दिवसांत कळलं की बोट गळतेय. पाणी अडवायला केलेले कप्पे पाणी अडवत नव्हते. इंजिन आपल्या बैठकीवरून सुटलं होतं. भाज्या-फळं सडली, पेट्रोल सांडलं. आणि वादळ आलं तेव्हा सर्वांत मोठा धक्का बसला. अशा वेळी शिडं कमी करून बोटीचं नाक वाऱ्याकडे धरायचं आणि जागच्या जागी तरंगत राहायचं, ही प्रत्येक शिडाच्या बोटीची शेवटची ढाल असते. ‘स्नार्क’ वाऱ्याकडे वळायलाच तयार नव्हती. जवळजवळ सगळे आजारी. जॅक आणि रॉस्को ओल्या डेकवर उभे राहून तिला वळवायचा प्रयत्न करतायत, आणि ती ऐकत नाहीये.

त्यात आणखी एक गोष्ट उघड झाली. कप्तानसाहेबांना भर समुद्रात आपण कुठे आहोत हे काढताच येत नव्हतं. खाडीत होडी चालवणं वेगळं आणि चहूबाजूंना फक्त पाणी असताना जागा शोधणं वेगळं.

मग जॅकने पुस्तकं काढली. सूर्याची उंची सेक्स्टंटने मोजायची, घड्याळातली वेळ बघायची, तक्ते उघडायचे, आकडेमोड करायची आणि नकाशावर एक टिंब द्यायचं. तो हे वाटेत, हलत्या बोटीत शिकला. नंतर त्याने मजेने लिहिलंय की जहाजाचे अधिकारी या विद्येचं गूढ बनवून ठेवतात. पण हेही कबूल केलंय की लवकरच तो स्वतःच त्या गूढाचा पुजारी असल्यासारखा मिरवायला लागला!

27 दिवसांनी हवाई दिसलं. तिथल्या वर्तमानपत्रांनी ‘स्नार्क’ बुडाली असं गृहीत धरलं होतं.

होनोलुलूत सहांपैकी तिघं उतरले. रॉस्को, स्टोल्झ, तोचिगी. एक सफर, आणि अर्धा ग्रुप बाद.

हवाई: फोड आणि सुट्टी

हवाईचे पाच महिने मात्र खरोखर रीलसारखे होते. वायकिकीच्या किनाऱ्यावर जॅकने लाटांवर उभं राहून येणारी माणसं पाहिली आणि त्याचं डोकंच फिरलं. पाश्चात्त्य मिशनऱ्यांच्या काळात मागे पडलेला हा हवाईयन लोकांचा खेळ तेव्हा पुन्हा डोकं वर काढत होता. अलेक्झांडर ह्यूम फोर्डने त्याला फळीवर झोपून लाट पकडायला शिकवलं. जॅक चार तास पाण्यात राहिला आणि उन्हाने असा भाजला की पुढचे काही दिवस उभं राहता येईना. अंथरुणात पडून त्याने सर्फिंगवर लेख लिहिला. अमेरिकेत तो खेळ घराघरात पोचवण्यात त्या लेखाचा मोठा वाटा आहे. म्हणजे ट्रॅव्हल इन्फ्लुएन्सर हा प्रकारही नवा नाहीच.

बोटीवर नवी माणसं आली. त्यातला नाकाता नावाचा जपानी मुलगा लक्षात ठेवा. आणि मार्टिन आता स्वयंपाकी राहिला नव्हता. तो इंजिन शिकला आणि इंजिनियर झाला.

साठ दिवस

7 ऑक्टोबर 1907 ला हवाईतल्या हिलो बंदरातून बोट मार्केसस बेटांकडे निघाली. सरळ रेषेत साधारण दोन हजार मैल. पण व्यापारी वारे समोरून. शाळेत भूगोलात वाचलेले हे वारे शिडाच्या बोटीला समोरून भेटले की कसा घाम काढतात, ते इथे दिसतं. आधी पूर्वेकडे पुरेसं सरकायचं, मग विषुववृत्ताजवळचा निर्वात पट्टा ओलांडायचा, आणि मगच दक्षिणेला उतरायचं. साठ दिवस एकही बेट नाही, एकही जहाज नाही.

दिवस कसा जायचा? सकाळी जॅक आपले हजार शब्द लिहायचा. ‘मार्टिन ईडन’ ही त्याची गाजलेली कादंबरी याच सफरीत लिहून झाली. शार्मियन ते टाइप करायची, सुकाणूवर आपली पाळी भरायची, स्वतःची रोजनिशी लिहायची. संध्याकाळी दोघं हातमोजे घालून बॉक्सिंग खेळायचे. मासे पकडायचे, पत्ते, मोठ्याने वाचन. शार्मियनची ती रोजनिशी 1915 मध्ये पुस्तक म्हणून आली. तरीही आज कुणी ‘स्नार्क’बद्दल बोललं की ‘जॅक लंडनची सफर’ म्हणतात. तिने सुकाणू धरलं ते तास मोजले, तर हे नाव मला जरा अपुरं वाटतं.

आणि मग एके रात्री पाण्याच्या टाकीचा नळ उघडा राहिला. गोडं पाणी निम्मं वाहून गेलं. त्या निर्वात पट्ट्यात, जिथे बोट पुढेच सरकत नाही, तिथे माणशी दिवसाला लिटरभर पाणी. त्यातच सगळं. अखेर पाऊस आला आणि त्यांनी ताडपत्र्या पसरून टाक्या भरल्या. कुणाचा नळ उघडा राहिला यावरून भांडण झालं का? ही माणसं होती, तर नक्की झालं असणार असं मी धरून चालते!

रिकामे चौथरे

6 डिसेंबरला ते नुकुहिवा बेटावर पोचले. जॅकला इथेच यायचं होतं, लहानपणापासून. हर्मन मेलव्हिल 1842 मध्ये याच बेटावर व्हेलच्या शिकारीच्या जहाजातून पळाला होता आणि ताइपी नावाच्या खोऱ्यात लोकांमध्ये राहिला होता. त्याच्या पुस्तकातलं ते खोरं म्हणजे भरलेलं, देखण्या, निरोगी माणसांचं. जॅकने ते पोरवयात वाचलं होतं.

घोड्यावर बसून तो खोऱ्यात शिरला. झाडी होती, धबधबे होते. माणसं नव्हती. घरांचे दगडी चौथरे जंगलात बुडाले होते. जी थोडी माणसं उरली होती त्यांच्यात क्षय, कुष्ठरोग, हत्तीपाय. बाहेरून आलेल्या जहाजांनी बेटांवर बंदुका आणल्या, दारू आणली, आणि मुख्य म्हणजे असे रोग आणले ज्यांची तिथल्या शरीरांना ओळखच नव्हती. साठ-पासष्ट वर्षांत खोरं ओस पडलं.

इथे मला थांबावंसं वाटतं. आपण रीलमध्ये जे बघतो, तो मोकळा किनारा, कुणी नाही, ‘अनटच्ड’. इथे मोकळेपणाचा अर्थ होता की माणसं मेली आहेत.

जॅकला वाईट वाटलं, हे त्याच्या लिहिण्यात दिसतं. पण त्याचं स्पष्टीकरणही वाचा. त्याच्या मते गोरे लोक टिकतात, कारण त्यांचे पूर्वज पिढ्यान्‌पिढ्या रोगजंतूंशी लढून उरलेले आहेत. प्रतिकारशक्तीचा मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता. पण त्यात वंशाचा ताठा होता. हा माणूस समाजवादी होता, कामगारांसाठी भाषणं द्यायचा, आणि त्याच वेळी गोऱ्यांच्या श्रेष्ठत्वावर विश्वासही ठेवायचा. दोन्ही एकाच डोक्यात. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढे समुद्राने त्याला उत्तर दिलं.

ताहितीहून फिजीकडे

ताहितीला मोठी दुरुस्ती झाली. मग ताहा बेटावरचा तेहेई भेटला. हा आपली छोटी होडी घेऊन समुद्रात आडवा आला, यांना घरी नेलं, खाऊ घातलं, घरातलं सगळं पुढे केलं. बदल्यात काही मागितलं नाही. मागितलं ते एवढंच की मला बोटीवर घ्या. घेतलं. आणि तो उत्तम खलाशी निघाला. सगळ्या सफरीत मैत्री हा शब्द मला सगळ्यात जास्त इथे पटतो.

सामोआ झालं. 1908 च्या मध्याला फिजी आलं. त्या वेळी फिजीच्या उसाच्या मळ्यांत आपली माणसं राबत होती. 1879 ते 1916 या काळात सुमारे 60 हजार भारतीय करारावर, म्हणजे गिरमिटावर, तिथे नेले गेले. मराठी माणसालाही हा प्रकार परका नाही. रत्नागिरीकडची कितीतरी कुटुंबं त्याआधीच मॉरिशसच्या उसात गेली होती. म्हणजे एकाच समुद्रात एक बोट मौजेसाठी फिरतेय, आणि दुसरी जहाजं माणसं भरून नेतायत.

फिजीत पुन्हा कप्तान गेला, आणि जॅक स्वतः कप्तान झाला.

सॉलोमन बेटं

जूनच्या अखेरीला सॉलोमन बेटं आली. इथे लंडन पतिपत्नी ‘मिनोटा’ नावाच्या बोटीवर पाहुणे म्हणून गेले. ही बोट मळ्यांसाठी मजूर भरती करणारी. भरती हा सभ्य शब्द झाला. या धंद्यात फसवणूक आणि जबरदस्ती इतकी होती की बेटावरचे लोक या बोटींवर हल्ले करायचे. ‘मिनोटा’चा आधीचा कप्तान काही महिन्यांपूर्वीच मारला गेला होता. केबिनच्या दारावर कुऱ्हाडीचे घाव होते. मलाइता बेटापाशी ती प्रवाळ खडकावर चढली, आणि मोठ्या मुश्किलीने वाचली. जॅकने हे साहस म्हणून रंगवून लिहिलं. कामगारांचा पुढारी मजुरांच्या बोटीवर कसा बसला, हा प्रश्न त्याने स्वतःला फारसा विचारलेला दिसत नाही.

आणि मग शरीरं बोलू लागली. मलेरिया सगळ्यांना. यॉज नावाच्या त्वचारोगाने साध्या ओरखड्याची न भरणारी जखम व्हायची. बोटीचा दवाखाना झाला. जॅकला त्यात भगंदर झालं. हात सुजले आणि कातडी थरावर थर सोलून निघायला लागली. दोरी धरता येईना. ताइपीच्या खोऱ्यात ज्याने गोऱ्यांच्या टिकाऊपणावर लिहिलं, तो वर्षभरात अशा बेटांवर आडवा पडला, जिथले रोग त्याच्या शरीराला अनोळखी होते. नियम तोच होता. फक्त बाजू बदलली होती.

नोव्हेंबर 1908 मध्ये ते आगबोटीने सिडनीला गेले. ऑपरेशन झालं. हातांचं दुखणं तिथल्या तज्ज्ञांना ओळखता आलं नाही. सफर सोडतोय हे जॅकने सांगितलं तेव्हा शार्मियन रडली. ‘स्नार्क’ विकली गेली, तीही खर्चाच्या मानाने फुटकळ किमतीला.

मग राहिलं कोण?

ओकलंडहून निघालेल्या सहांपैकी, लंडन जोडपं सोडलं तर, शेवटपर्यंत टिकला तो एकच. मार्टिन जॉन्सन. ज्याला स्वयंपाक येत नव्हता, इंजिन येत नव्हतं, समुद्र माहीत नव्हता. सॉलोमनमध्ये पडून राहिलेली बोट सिडनीला आणायलाही तोच परत गेला. पुढे त्याने गावात चित्रपटगृह काढलं, नाव ठेवलं ‘स्नार्क’. बायको ओसाबरोबर तो दक्षिण समुद्रात आणि आफ्रिकेत फिरला आणि वन्यजीवनाच्या चित्रपटांसाठी जगात नावाजला गेला. नाकाता हवाईपासून होता, तोही शेवटपर्यंत राहिला. पुढे कितीतरी वर्षं तो लंडनकडेच होता, आणि नंतर होनोलुलूत दंतवैद्य झाला. जॅक 1916 मध्ये गेला, अवघ्या चाळिशीत.

अनुभवी कप्तान उतरला, पिळदार खेळाडू उतरला. ज्याने ‘येतं’ न म्हणता ‘आजमावून बघा’ म्हटलं, तो राहिला. मला वाटतं, छोट्या बोटीवर मैत्री म्हणजे बहुतेक वेळा हेच असतं. समोरचं काम आपलं नाही असं न म्हणणं. आणि ज्या बेटावर उतरतो तिथे आपल्या आधी कोण राहत होतं, ते कुठे गेले, हे विचारणं. दुसरा भाग जॅकला निम्माच जमला. आपल्याला तर अजून सुरुवातच करायचीय.

हा भाग लिहून झाल्यावर मी ग्रुपवर टाकलं, ‘बोट राहू दे. आधी एक दिवस मांडव्याला जाऊ. भांडी मी घासते.’

अर्धा तास कुणीच बोललं नाही. मग जिने तो प्रश्न विचारला होता तिचं उत्तर आलं, ‘ठीक. पातेलं मी आणते.’

तर मंडळी, तुमच्या ग्रुपमध्ये मार्टिन कोण आहे? आणि रॉस्को? नावं घेऊ नका, भांडणं होतील. मला फक्त मार्टिनबद्दल लिहून कळवा. पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत ऐकत राहा, वाचत राहा, आणि झोपायच्या आधी नळ नीट बंद करा.